दहा नंबरचा फॉर्म

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी आज पुन्हा ऑफिसला गेलो. शैलाने दारात उभं राहून पाकीट घेतलं का, रुमाल घेतला का, मास्क घेतला का असं विचारलं, तेव्हा एकदम नोकरीतल्यासारखं वाटलं. नोएडाला पोचेपर्यंत हवेने घसा धरला, पण उत्साह कायम होता.

काम असं आहे. एका परदेशी संस्थेने पंधरा देशांत एकाच वेळी पाहणी काढली आहे. कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना विचारायचं की पाळीचे दिवस कसे जातात, बाळंतपणं किती, गोळ्या-इंजेक्शनं काय घेता, कधी गर्भपात केला का, आणि हे सगळं ठरवतं कोण. आपल्याकडे मानेसरचा कारखान्यांचा पट्टा निवडला आहे. उत्तरांवरून तिथे बायकांसाठी दवाखाने निघतील आणि ते कसे असावेत हेही ठरेल. मी आकडे तपासायचे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात छत्तीस वर्षं तेच केलं. फॉर्ममधली चूक रामटेकेंना वासाने कळते, असं लोक म्हणायचे.

प्रकल्पाची प्रमुख चेतना, पस्तिशीची असेल. मला सर म्हणते आणि लगेच माझं चुकलेलं दाखवते.

फॉर्म वाचला. प्रश्न एकतीस: घरातले निर्णय कोण घेतं? स्वतः, नवरा, दोघं मिळून, इतर. मी गमतीने आमच्या घराला लावून पाहिला. वसुंधरा वसाहतीतला हा फ्लॅट लॉटरीत लागला. मुलांची नावं माझ्या वडिलांनी ठेवली. फ्रिज जुना बंद पडला म्हणून नवा आला. ठरवलं कोणी? अर्धा तास बसलो, खूण कुठे करावी कळेना. शैला म्हणाली, इतरवर करा आणि जेवायला या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज प्रशिक्षण. मानेसरला जाण्याआधी प्रत्येकाने ओळखीच्या दहा बायकांकडून सरावाचे फॉर्म भरून आणायचे. कागद नाही, टॅबवर. नाव नाही, फक्त नंबर. बाईने एकटीने बसून भरायचा. पुरुषांनी खोलीत थांबायचं नाही, कोणी काय भरलं ते विचारायचंही नाही.

मी म्हणालो की मग मी दहा बायका आणू कुठून? चेतना म्हणाली, "भाभीजी से कहिए।"

शैलाला टॅब दिला. रविवारी विहारात वंदनेला पन्नासेक बायका येतात, काही आपल्या मराठी, काही इथल्या. तिने सगळं नीट समजून घेतलं. अठ्ठावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, तिला एकदा सांगितलं की पुरतं. मग विचारलं, "मीही भरला तर चालेल?"

मी म्हणालो, अजिबात नाही. तू प्रगणक आहेस. प्रगणकाने दुसऱ्यांची माहिती घ्यायची, स्वतःची भरायची नाही, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. ती "अच्छा" म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार

विहारात वंदनेनंतर बायका एकेक करून बाजूच्या खोलीत जात होत्या. आम्ही पुरुष बाहेर अंगणात. हवेवर बोलून झालं, पेन्शनवर बोलून झालं, आठव्या वेतन आयोगावर दोनदा बोलून झालं, तरी आतलं संपेना. आधी हसण्याचे आवाज येत होते, मग ते थांबले. एक बाई बाहेर आली ती थेट नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. फॉर्म सतरा मिनिटांचा आहे. काहींनी चाळीस मिनिटं लावली. लांबी कमी करावी असं सुचवणार आहे.

नऊ फॉर्म झाले. दहावी बाई घाईत होती, निघून गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शैलाचा गुडघा दुखतोय, दिवसभर घराबाहेर पडली नाही. संध्याकाळी टॅब हातात देत म्हणाली, झाले दहा. शाबासकी दिली. जेवली मात्र अर्धीच पोळी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दहा नंबरचा फॉर्म लाल झाला.

लाल म्हणजे उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, संगणक तो बाजूला काढून ठेवतो. बाई पन्नास ते साठ वयोगटातली. मुलं दोन. त्यानंतर एकदा दिवस गेले, गर्भपात करून घेतला. इथपर्यंत ठीक. मग प्रश्न चव्वेचाळीस: दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली का? हो. पंचेचाळीस: नवऱ्याची सही झाली का? हो. सेहेचाळीस: नवऱ्याला माहीत होतं का? नाही.

सही आहे आणि माहीत नाही. असं होईल कसं?

दुसरी गोष्ट, टॅबमधल्या घड्याळाप्रमाणे हा फॉर्म काल दुपारी दोन चाळीसला भरलाय आणि एक तास सहा मिनिटं लागली. काल दुपारी शैला घरीच होती. म्हणजे घड्याळही बिघडलंय. की कोणी घरी येऊन भरून गेलं? विचारलं तर म्हणाली, आलं असेल कोणी. हे काय उत्तर झालं!

चेतनाला विचारलं की मुळात नवऱ्याची सही नसताना गर्भपात होतो का. ती म्हणाली, सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, कायदा पन्नास वर्षांपासून तेच सांगतो, तरी दवाखाने नवऱ्याची सही मागतात. म्हणून तर हा प्रश्न ठेवलाय. मला हे माहीत नव्हतं. मुलांच्या आणि बायकांच्या आरोग्याचे इतके तक्ते तपासले, हे कुठल्या तक्त्यात नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दहा नंबर डोक्यातून जात नाही. माझ्या मते तीन शक्यता. एक, नवरा निरक्षर होता, कशावर सही करतोय ते कळलं नाही. दोन, दारूच्या नशेत केली. तीन, बाईचं बोट चुकलं, सेहेचाळीसला हो म्हणायचं होतं. जेवताना तिन्ही शैलाला समजावून सांगितल्या. म्हटलं, घरात एवढं घडतं आणि ह्याला पत्ता नाही, असा कसा नवरा असेल?

"असतात," ती म्हणाली.

निदान बाई कोण ते सुचव, म्हटलं. त्यावर तिने, कोणी काय भरलं ते विचारायचं नाही, हा माझाच नियम मला ऐकवला. बरोबर होतं. पण मला एक कळत नाही. घरदार बरं असलेली बाई असं करते, तर काहीतरी कारण असणारच. आजारपण, पैसा, सासू, काहीतरी. ते कारण मिळालं असतं तर गाठ सुटली असती. शैला म्हणाली, कारण लागतंच का? मी तिला समजावलं की प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आपण नोंदवतो की नाही एवढाच प्रश्न. बोलता बोलता वळून पाहिलं तर ती वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेली होती. हवा इतकी वाईट आणि ही अर्धा तास बाहेर.

१६ नोव्हेंबर, रविवार

विहारात आज लक्ष वंदनेत नव्हतं. बायकांकडे पाहून अंदाज बांधत होतो. वासनिकबाई? मुलं दोन, नवरा टपाल खात्यात. पण तो शिकलेला आहे. परत येताना रिक्षात शैला म्हणाली, "तुम्ही बायकांकडे असं बघत जाऊ नका. चांगलं दिसत नाही." वीतभर झालो.

दुपारी समता आली. तिची बँक घराजवळ असूनही लेक महिन्यातून एकदा येते. तिला दहा नंबरची हकिगत सांगितली, अर्थात नाव नसलेली. ती हसत सुटली. म्हणाली, "बाबा, सही म्हणजे काय! माझ्या सगळ्या रिपोर्ट कार्डवर तुमची सही आहे, आणि तुम्ही एक तरी पाहिलंत का? तुम्ही टूरवर. आई सही करायची, ओरिजिनलपेक्षा भारी. सिद्धांतच्या स्कूलवाल्यांनी एकदा तुमचीच खरी सही रिजेक्ट केली होती, याद है?"

खरंच आठवलं. मुलाच्या शाळेने मलाच बोलावून, ही सही वडिलांची वाटत नाही म्हणून सांगितलं होतं. मी खूप हसलो. शैला एकदम म्हणाली, "पुरे आता." इतक्या जुन्या गमतीवर चिडायचं काय कारण? समतानेही हसणं थांबवलं आणि आईकडे बघत राहिली. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं. चहा करायला पाऊण तास लागला. बाहेर आल्या तेव्हा समताचे डोळे लाल होते. म्हणाली, पोल्यूशन. तिला तर एअर प्युरिफायर घ्यायला हवा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज अपमान झाला. लिहूनच टाकतो.

काल मी दहा नंबर दुरुस्त केला. सेहेचाळीसचं नाही काढून हो केलं. लाल गेलं, फॉर्म हिरवा झाला, झोप छान लागली. आयुष्यभर हेच केलंय. विधवेच्या फॉर्मवर नवऱ्याचा चालू पगार लिहिलेला असेल तर आपण एक उत्तर बदलतो, जास्त शक्य असेल ते ठेवतो. याला तपासणी म्हणतात.

चेतनाने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, आपने उसका 'नहीं' बदलकर 'हाँ' कर दिया?"

मी कारण सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "उसने जो कहा, वही सच है। आपकी समझ में नहीं आया तो वो आपकी दिक्कत है, उसकी गलती नहीं।" आणि माझ्यादेखत पुन्हा नाही केलं.

नंतर केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं. सांगितलं की सरावाचे फॉर्म जिथून जिथून आलेत, त्यातल्या बऱ्याच देशांत हीच ओळ लाल झाली आहे. सही हो, माहीत नाही. वरचे लोक प्रश्न काढून टाकावा या विचारात आहेत, कारण त्यांनाही माझ्यासारखंच वाटतंय की बायकांना प्रश्न कळला नाही. काढला तर नव्या दवाखान्यांत सहीचं काय करायचं, हे कोणी विचारणारच नाही, जुनी पद्धत तशीच चालू राहील. तिला तो ठेवायचा आहे. म्हणून दहा नंबर तिला हवा आहे, आहे तसा.

मी गोंधळलोय. इतक्या देशांत इतके नवरे, कोणालाच माहीत नाही?

१९ नोव्हेंबर, बुधवार

मानेसर. मला गेटबाहेर कंपनीच्या बसगाड्यांजवळ उभं केलं. शिफ्ट सुटल्यावर बायका आमच्या मुलींबरोबर तंबूत गेल्या. मी एकदा पाण्याची बाटली द्यायला जवळ गेलो तर आतलं बोलणं थांबलं. बाटली ठेवून परत आलो, पुन्हा सुरू झालं. तीनदा तपासून पाहिलं. तिन्ही वेळा तसंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सरावाच्या फॉर्ममधली मोकळी उत्तरं, म्हणजे बायकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली, वेगळ्या यादीत असतात. मी ती कधी पाहिली नव्हती, माझं काम आकड्यांचं. आज चेतना म्हणाली, चार उत्तरं मराठीत आहेत, ऑफिसात मराठी येणारे तुम्ही एकटेच, इंग्रजी करून द्या. पहिली तीन लहान होती. चौथं दहा नंबरचं. प्रश्न होता, नवऱ्याला का सांगितलं नाही. उत्तर जसंच्या तसं उतरवतो. नियमाबाहेर आहे. उतरवतो.

"ते नाही म्हणाले नसते. मारणारे, ओरडणारे नाहीत. पण त्यांनी कारण विचारलं असतं. समजेपर्यंत विचारलं असतं, रोज. माझ्याकडे कारण नव्हतं. पैसे होते, तब्येत चांगली होती. मला मूल नको होतं, एवढंच. एवढं पुरत नाही त्यांना. ते ओडिशाच्या दौऱ्यावर होते. त्यांची सही मला येत होती, मी केली. दवाखान्यातून एकटी आले आणि मुलांच्या शाळा सुटायच्या आत भात लावला. फार त्रास झाला नाही. फक्त कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं आणि सांगण्यासारखे तेच होते."

दोनदा वाचलं. मग इंग्रजी करायला घेतलं. "सांगण्यासारखे तेच होते" याचं इंग्रजी करता येईना. चेतनाने विचारलं, तबियत ठीक है? मी म्हणालो, हवा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जुन्या डायऱ्या पेटीतून काढल्या. ओडिशाचा दौरा फेब्रुवारी-मार्च १९९९. परत आलो त्या दिवशीची नोंद: दौरा समाधानकारक. ९८ टक्के फॉर्म पूर्ण. शैला जरा अशक्त वाटते, टॉनिक आणणे.

टॉनिक आणलं होतं की नाही तेही लिहिलेलं नाही.

दिवसभर प्रश्न मनात येत आहेत. कोणता दवाखाना? कितवा महिना? समता आठ वर्षांची होती, तिला काही कळलं का? आता कळलंय, हे मात्र त्या लाल डोळ्यांवरून मला आज समजलं. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, का. उत्तर समोर लिहिलेलं आहे, तरी का. म्हणजे तिने लिहिलंय ते खरं आहे.

मला फार वाईट वाटतंय. नक्की कशाचं ते कळत नाही. मुलाचं म्हणावं तर ते मला माहीतच नव्हतं. सहीचा राग येतोय, आणि राग आल्याची लाजही वाटतेय. सत्तावीस वर्षं होत आली. मी तिच्यासमोर बसून जेवलो, तिन्ही शक्यता समजावल्या, निरक्षर आणि दारुड्या म्हणालो. कोणाला म्हणालो!

शिवाय नियम असा की फॉर्म कोणाचा हे कळलं तरी कोणापाशी बोलायचं नाही. मग तिच्याशी बोलायचं की नाही? हे कोणाला विचारू?

२३ नोव्हेंबर, रविवार

विहारात गेलो नाही. शैलाही गेली नाही. सकाळी ती मटार सोलत बसली होती. मी समोर पेपर धरून.

तिने मान वर न करता विचारलं, "भाषांतर पाठवलं?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. मराठी येणारा मी एकटाच, मोकळी उत्तरं मराठीतली असली की माझ्याकडेच येणार, हे तिला त्या मंगळवारीच कळलेलं असणार. तासभर बसून तिने ते मला लिहिलं होतं.

मी म्हणालो, पाठवलं.

"काही बदललं?"

"नाही."

ती मटार सोलत राहिली. माझ्या तोंडात का हा शब्द आला होता, जिभेच्या टोकावर. तो मी गिळला, आणि गिळताना किती जड गेलं ते इथे लिहायला लाज वाटत नाही. पेपर बाजूला ठेवला, तिच्यासमोर बसलो आणि शेंगा सोलायला घेतल्या. शेंगा संपत आल्या तेव्हा ती बोलायला लागली.

बाकावर किती वेळ बसवलं ते सांगितलं. नर्स कशी चिडचिडी होती आणि मग तिनेच कसा चहा पाजला ते. सही करताना हात अजिबात कापला नाही, याची नंतर कशी भीती वाटली ते. मी आलो तेव्हा दारातच सांगायचं ठरवलं होतं, पण मी सुटकेस ठेवायच्या आधी अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं सांगायला लागलो. मग राहिलं. मी एकही प्रश्न विचारला नाही. सव्वा तास ती बोलत होती.

शेवटी तिने विचारलं, राग आला?

नाही म्हणणार होतो. म्हणालो, "आला. सहीचा."

ती हसायला लागली. मीही हसलो, आणि हसता हसता पाहिलं तर ती रडत होती. हे केव्हा सुरू झालं ते मला कळलं नाही. मी उठून तिच्याजवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, "विचारा आता काय विचारायचं ते."

मी खरंच आठवून पाहिलं. कालपासूनचे सगळे प्रश्न होते, एकही गेला नव्हता. पण तिच्याकडून उत्तर हवं असलेला एकच उरला होता, तोच विचारला. तेव्हा खूप एकटं वाटलं का?

"हो," शैला म्हणाली.